जागलीचा रेडिओ

हरभरा घाट्यावर आला की आमच्या गावातली निम्मी माणसं रात्री घरी नसतात, वावरात पीक राखायला जागलीला असतात. चार बल्ल्या रोवून वर माळा बांधलेला, त्यावर तुराट्या अंथरून घोंगडं, उशाशी टॉर्च, पाण्याची कॅन आणि रेडिओ. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा-दिग्रसकडं थंडीच्या रात्री गाडीवरून जाताना मध्येच थांबून गाडी बंद केली तर शिवारातून कुठून तरी बारीक आवाजात बातम्या नाहीतर जुनी गाणी ऐकू येतात, माणूस कुठं दिसत नाही. तो आवाज करमणुकीसाठी कमी आणि रानडुकरांसाठी जास्त असतो. डुकरांचा कळप शिरला तर एका रात्रीत उभं पीक लोळवून जातो, रोही, म्हणजे नीलगाई, आले तर शेंडे खुडून जातात, आणि दोघांनाही माणसाची चाहूल नको असते. बाबांचं तर म्हणणं आहे की गाण्यापेक्षा बोलणं चालू असलं की डुक्कर जास्त बिचकते, म्हणून ते बातम्या, शेतीचे कार्यक्रम, मुलाखती, जे काही बोलण्याचं लागेल ते लावून ठेवतात.

रात्रीच्या बोलण्याची सोय आधी फार चांगली होती. नवीन पोरांना माहीत नसेल म्हणून सांगते, आकाशवाणीची राष्ट्रीय प्रसारण सेवा म्हणून एक होती, १९८८ साली सुरू झालेली, संध्याकाळपासून रात्रभर चालायची, आणि तिचा एक हजार किलोवॅटचा ट्रान्समीटर आपल्या नागपूरचाच होता, १५६६ किलोहर्ट्झवर. देशाच्या मधोमध आहे नागपूर, तिथून चहूकडं जायचं. जागलीवाल्याला याहून काय पाहिजे. २०१९ मध्ये ती बंद केली. तेव्हापासून नागपूर केंद्र रात्री झोपलं की बाबा काटा फिरवत बसतात आणि जे लांबचं स्टेशन लागेल ते धरतात, हिंदी, तेलुगू, उर्दू, काहीही. दिवसा हे लांबचे लागत नाहीत कारण वातावरणातला वरचा एक थर मिडियम वेव्ह शोषून घेतो, सूर्य बुडाला की तो थर विरून जातो आणि लहरी त्याच्याही वरच्या थराला धडकून शेकडो किलोमीटर लांब खाली येतात. बाबांना थराबिराचं काही माहीत नाही पण अंधार पडल्यावर किती वेळानं कोणतं स्टेशन उघडतं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तर हा रेडिओ मागच्या थंडीत माळ्यावरून खाली पडला. हातात मावेल एवढा, दोन मोठ्या सेलवर चालणारा, कातडी पट्ट्याचा. एफएम लागायचं पण आमचं वावर बर्डीच्या, म्हणजे टेकाडाच्या, मागं आहे, तिथं एफएम तुटक तुटक येतं, आणि मिडियम वेव्हवर नुसती फसफस.

लोक म्हणाले मेमरी कार्डवाला स्पीकर घ्या, बाजारात मिळतो. आम्ही एक घेतला पण होता. त्याची बॅटरी मध्यरात्रीच्या आत बसते आणि वावरात रात्री चार्जिंग कुठं करणार, शिवाय तीच ती गाणी फिरून फिरून लागली की जनावर त्याला सरावतं असं बाबा म्हणतात आणि मला ते पटतं. रेडिओला करंट लागतोच किती. टॉर्च ज्या सेलवर पिवळी पडते त्याच सेलवर रेडिओ पुढं कित्येक रात्री वाजतो.

तालुक्याला पूर्वी रेडिओ दुरुस्तीची दुकानं होती, आता तिथं मोबाइलची कव्हरं लटकलेली असतात. एक जुने मेकॅनिककाका अजून बसतात, आता रिचार्ज आणि टीव्हीचे रिमोट करतात. त्यांनी रेडिओ हातात घेतला, कानाशी नेऊन हलवला, आतून काहीतरी खुळखुळ वाजलं, आणि म्हणाले, "बाई, याले मले दोन घंटे लागन. दोन घंट्याचे तुह्याकून मागाची मले लाज वाटते अन् त्याच्या खाली मले पुरत नाई. घरीच खोल. अडलं तं ये." हे त्यांनी अगदी सरळ सांगितलं आणि वरून कागदाच्या पुडीत थोडी सोल्डरची तार आणि राळेचा एक खडा बांधून दिला. मला तेव्हापासून वाटतं की खेड्यात दुरुस्ती संपत चालली ती कोणाला येत नाही म्हणून नाही. ज्या माणसाला येते त्याच्या दोन तासांची किंमत त्या वस्तूपेक्षा जास्त झाली, आणि व्हायलाच पाहिजे, त्यालाही घर आहे. मग ते दोन तास उरतात कोणाकडं, तर ज्याची वस्तू आहे त्याच्याकडं. त्याच्या वेळेचे कोणी पैसे लावत नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते. भाचा आयटीआयला इलेक्ट्रिशियनला आहे, त्याच्याकडं मल्टिमीटर आणि पंचवीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न. एवढी आमची तयारी. रविवारी ओसरीत जुनी चादर अंथरली, पांढरी, म्हणजे स्क्रू पडला तर दिसेल. बाबा येऊन उभे राहिले.

"काहून खोलून रायली व त्याले? एखांदा पुर्जा हारपला तं?"

"नाही हारपत, प्रत्येक गोष्टीचा आधी फोटो काढतो."

ते समोरच्या बाजेवर बसले आणि मग उठलेच नाहीत.

मागचे स्क्रू काढून झाकण उघडलं तर आत आमचं वावरच होतं. काळ्या मातीची मऊ पूड प्रत्येक कोपऱ्यात, स्पीकरच्या जाळीला आतून कापसाची रुई चिकटलेली, एका फटीत तुरीच्या वाळलेल्या पानाचा तुकडा, खालच्या अंगाला तंबाखूची कणी. बँड बदलायचा जो खटका असतो त्याची पट्टी हिरवी पडलेली. तो हिरवेपणा पाहून मला हरभऱ्याची आंब आठवली. पहाटे दवात हरभऱ्यातून चालून या, पाय चाटून पाहिले तर आंबट लागतात, पानावर मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल सुटलेलं असतं, जुनी माणसं रात्री फडकं अंथरून सकाळी ती आंब पिळून घ्यायची पोटदुखीला. बाबा पहाटे धुऱ्यानं, म्हणजे बांधावरून, एक फेरी मारून येतात आणि त्याच ओल्या हातानं खटका सरकवून नागपूर लावतात. वर्षानुवर्षं. तांब्याची पट्टी हिरवी पडायला आणखी काय पाहिजे.

मला घरच्या दुरुस्तीबद्दल जे सांगायचं आहे ते हेच आहे खरं तर. मेकॅनिकला रेडिओ माहीत असतो, माझ्यापेक्षा शंभरपट जास्त माहीत असतो. पण रेडिओ वापरणारा माणूस त्याला माहीत नसतो, तो समोर टेबलावर आलेला असतो फक्त वस्तू म्हणून. घरात उलटं असतं. वस्तूतलं आपल्याला अर्धंमुर्धं कळतं पण ती कोणाच्या हातात, कोणत्या वेळी, कशी असते हे पूर्ण माहीत असतं, आणि बिघाड बहुतेक वेळा तिथूनच आलेला असतो.

सेलच्या खणाचंच पाहा. स्प्रिंगवर पांढरा-हिरवा थर जमलेला होता, सेल गळल्याचा. आमच्याकडं सेलचा प्रवास ठरलेला आहे. नवीन सेल आधी टॉर्चमध्ये, टॉर्चला उजेड पुरेना झाला की रेडिओत, रेडिओतही दम सुटला की उन्हात ओट्यावर ठेवायचे आणि पुन्हा रेडिओत. उन्हात तापवलेल्या सेलला थोडा जीव येतो हे खरं आहे, आतली रासायनिक क्रिया उष्णतेनं वाढते. पण साध्या सेलचं बाहेरचं जस्ताचं भांडं म्हणजेच त्याचा एक ध्रुव, ते वापरात खात खात पातळ होत जातं आणि शेवटी शेवटी भोक पडून आतलं आम्लयुक्त पाणी बाहेर येतं. म्हणजे सेल जितका शेवटच्या थेंबापर्यंत वापराल तितका गळण्याची शक्यता जास्त. आता बाबांना काय सांगणार, सेल लवकर फेका म्हणून? ज्यांनी सगळं आयुष्य काटकसरीत काढलं त्यांना? त्यापेक्षा असं ठरलं की सकाळी घरी आल्यावर दमलेले सेल रेडिओतून काढून ठेवायचे, रात्री जाताना टाकायचे. हे त्यांना पटलं. स्प्रिंगवर ओल्या कापडानं खायचा सोडा लावून घासलं, आम्ल मारलं गेलं, मग बारीक पॉलिश पेपर, मग कोरडं फडकं. मोठी अल्कलाइन सेल असती तर सोडा उपयोगाचा नव्हता, तिथं गळतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, त्याला लिंबू नाहीतर व्हिनेगर लागतं. सेल कोणते होते ते आधी पाहायचं आणि मग पुसायचं.

एवढं करून मिडियम वेव्ह तशीच मुकी.

आता इथून पुढं मला जो आनंद झाला तो मी शाळेत शिकवताना फार कमी वेळा होतो. भाचा म्हणत होता की सगळे पार्ट एकेक काढून तपासू. मी म्हटलं काढायचं काहीच नाही, आधी ऐकायचं. रेडिओ मागून पुढं तपासत जायचा. व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या पायाला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लावून बोट त्याच्या धातूला टेकवलं तर स्पीकरमधून घुर्र आवाज आला. म्हणजे तिथून स्पीकरपर्यंतचा रस्ता मोकळा आहे, आवाज मोठा करणारा भाग ठीक आहे. म्हणजे दुखणं त्याच्या अलीकडं.

अलीकडं काय असतं ते थोडं सांगावं लागेल. १९१८ साली आर्मस्ट्राँग नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं एक युक्ती काढली, आजही जवळजवळ प्रत्येक साध्या रेडिओत तीच आहे. रेडिओ स्वतःच्या पोटात एक छोटी लहर तयार करतो, मिडियम वेव्हवर जे स्टेशन लावलं असेल त्यापेक्षा ४५५ किलोहर्ट्झनं वरची. दोन्ही लहरी मिसळल्या की फरक उरतो ४५५, मग स्टेशन कोणतंही असो, पुढच्या सगळ्या भागाला एकच ठरलेली लहर सांभाळायची असते. नागपूर अ केंद्र आहे ५८५ किलोहर्ट्झवर, म्हणजे आपण नागपूर लावलं की आपला रेडिओ आत १०४० ची लहर तयार करत असतो. आणि ही आतली लहर थोडीशी बाहेरही सांडते. त्यामुळं रेडिओ आतून जिवंत आहे की नाही हे दुसऱ्या रेडिओनं ऐकता येतं, एक रुपयाचंही यंत्र लागत नाही.

शेजारच्या काकूंचा रेडिओ आणला. तो १०४० च्या आसपास नेऊन ठेवला जिथं लांबचं एक स्टेशन अंधूक लागत होतं, आणि बाबांचा रेडिओ त्याला चिकटून ठेवून त्याचा काटा ५८५ च्या आजूबाजूला केसभर केसभर फिरवला. आधी काहीच नाही. मग काकूंच्या रेडिओत एक बारीक शिट्टी सुरू झाली, खाली खाली उतरत जाड होत गेली, मध्ये एका जागी फसफस एकदम दबली, आणि काटा पुढं नेला की शिट्टी पुन्हा वर चढत गेली. भाचा ओरडलाच, "आत्या, हा जित्ता हाय!" बाबा बाजेवरून पुढं वाकले आणि म्हणाले पुन्हा कर. पुन्हा केलं. मग त्यांनी स्वतः काटा फिरवून केलं. आई आतून हात पुसत आली तिच्यासाठी परत केलं.

तर आतली लहर होती, पुढचा आवाज होता. राहिलं काय, तर बाहेरून स्टेशन धरणारा हात, म्हणजे ॲन्टेना. एफएमला ती वरची ओढायची काडी लागते पण मिडियम वेव्हला तिचा काही संबंध नसतो, तिच्यासाठी आत काळी फेराइटची दांडी असते आणि तिच्यावर बारीक तारेचं कॉइल. मल्टिमीटरनं कॉइल तपासलं, तुटलेलं दाखवलं. कॉइलच्या टोकाला मेणाचा थेंब होता, तो नखानं उचलला, त्याच्या खाली तार तुटून तशीच जागेवर बसलेली. वरून कोणी कितीही पाहिलं असतं तरी दिसली नसती. आणि दांडीचा प्लास्टिकचा आधार एका बाजूनं मोडलेला, खुळखुळ त्याचीच होती, दांडी लोंबकळत राहिल्यानं तारेला हिसका बसला असणार. दांडीलाही मधोमध तडा. फेराइट म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडची भाजून केलेली सिरॅमिक, लवत नाही, पडलं की तुटते.

दांडीचं सोपं होतं, दोन्ही तुकडे एकमेकांत तंतोतंत बसत होते, फेविक्विकचा एक थेंब आणि दाबून धरणं. मध्ये फट राहता कामा नये एवढंच, फट राहिली की ताकद घटते. तार मात्र अवघड. दिसायला ती एकच बारीक तार असते पण आत केसाहून बारीक सात-आठ तारा, प्रत्येकीवर इनॅमलचं वेगळं वेष्टन. इतक्या जलद लहरींचा करंट तारेच्या पोटातून न जाता पृष्ठभागावरून जातो, म्हणून एक जाड तार देण्यापेक्षा पुष्कळ बारीक तारा देतात. त्यामुळं जोडताना सगळ्याच्या सगळ्या जोडल्या गेल्या पाहिजेत, दोन-तीन सुटल्या तर रेडिओ लागतो पण नागपूर लांब गेल्यासारखं वाटतं. टोकं फिसकटलेली, भाच्याच्या बोटात एकत्र येईनात, माझ्याही येईनात. आईनं सगळं पाहिलं, बोटं कोरडी केली, थोडी राख चिमटीत घेतली, आणि रोज देवासाठी वाती वळते तशी चिमटीत धरून एका दमात वळून दिली. एकही धागा बाहेर नाही. मग राळ लावून, आयर्नच्या टोकावर सोल्डरचा मोठा थेंब धरून त्यात ते टोक बुडवून ठेवलं, धूर निघाला, इनॅमल जळलं, आणि तांब्यावर चांदीसारखा थर चढत गेला. सोल्डरच्या तारेत साठ टक्के कथील आणि चाळीस टक्के शिसं असतं, म्हणून घरात करताना खिडकी-दार उघडं ठेवायचं आणि जेवायच्या आधी साबणानं हात धुवायचे, लहान लेकरं जवळ नकोत. भाच्यानं डाग दिला. टपोरा, चकचकीत.

लावला. नागपूर आलं. बारीक आलं, पण आलं.

बारीक का, तर दांडी जोडल्यावर कॉइलची जागा जराशी सरकली होती. काट्याच्या खालच्या टोकाची स्टेशनं कॉइल दांडीवर मागं-पुढं सरकवून जुळवतात आणि वरच्या टोकाची ट्रिमर नावाच्या फिरवायच्या छोट्या पार्टनं, आणि नागपूर नेमकं खालच्या टोकाला आहे, त्यामुळं आमचं काम नुसतं कॉइल सरकवून होणार होतं. माचिसच्या काडीनं एवढंसं ढकललं, आवाज वाढला, आणखी ढकललं, पडला, परत मागं. एका जागी निवेदक एकदम ओसरीत आल्यासारखा बोलायला लागला. तिथं मेणबत्तीचे दोन थेंब टाकून कॉइल पक्कं केलं. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झालं आणि ज्या ट्रान्झिस्टरमुळं रेडिओ हातात मावायला लागला तो बेल लॅबमध्ये पहिल्यांदा चालला डिसेंबर १९४७ मध्ये. हे मी भाच्याला तेव्हा सांगितलं, काही महिन्यांच्या अंतरानं झालेल्या या दोन गोष्टी आमच्या ओसरीत एकत्र वाजत होत्या म्हणून.

इथं मला एक बोलायचंच आहे. हे सगळं करता आलं कारण त्या रेडिओला स्क्रू होते. जुन्या सेटमध्ये तर मागच्या झाकणाला आतून सर्किटचा नकाशा चिकटवलेला असायचा, म्हणजे बनवणाऱ्यानंच गृहीत धरलेलं असायचं की कोणीतरी हे उघडणार आहे. आईचा मोबाइल असा नाही. त्याची काच चिकटवलेली, बॅटरी चिकटवलेली, उघडायला हीट गन पाहिजे, आणि फुगलेली लिथियम बॅटरी ओढून काढताना छेद गेला तर पेट घेते, तिथं मी घरी हात लावायला कोणालाच सांगणार नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्ससोबत शेतीची अवजारंही घेतली होती, डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू झालं. चांगली गोष्ट आहे, पाहिजेच होती. पण सर्व्हिस सेंटरचा पत्ता मिळणं ही शहरातल्या माणसाची सोय झाली. आमच्याकडं सर्व्हिस सेंटरला जायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी, एसटीचं भाडं, आणि पार्ट नाही म्हणाले तर परत तेच. खेड्यासाठी दुरुस्तीचा हक्क म्हणजे वस्तू साध्या स्क्रू-ड्रायव्हरनं उघडली पाहिजे, आतलं काय कुठं जातं ते छापून दिलं पाहिजे, आणि पार्ट सुटे मिळाले पाहिजेत. त्याच्या खाली काही कमी असेल तर तो हक्क आमच्यापर्यंत पोचत नाही.

रात्री बाबा रेडिओ वावरात घेऊन गेले आणि सकाळी आले ते सांगत की टक टक वाजून रायलं. नागपूर लागते, बोलणं ऐकू येते, पण मागून टक, टक, टक, घड्याळासारखं.

आम्ही तो घरी लावला तर काहीच नाही, स्वच्छ. भाच्याला वाटलं डाग कच्चा राहिला, थंडीत आकसून सुटत असेल. पण सुटलेला डाग इतका तालात कसा वाजेल? संध्याकाळी आम्ही तिघं वावरात गेलो. माळ्यावर बसून रेडिओ लावला, टक टक होतंच. बाबांनी रेडिओ उचलला आणि हातात धरून हळूहळू स्वतःभोवती फिरवायला लागले, नेहमी स्टेशन धरताना फिरवतात तसा. फेराइटची दांडी रेडिओत आडवी असते, तिची लांब बाजू ज्या दिशेकडं असेल तिकडचं जोरात ऐकू येतं आणि टोक ज्या दिशेकडं असेल तिकडचं जवळजवळ बंद होतं. बाबा रोज माळ्यावर रेडिओचं तोंड ईशान्येला करून ठेवतात, नागपूर तिकडं आहे, हे त्यांना कोणी शिकवलं नाही. आता ते उलटं करत होते, टक टक कुठं बुडते ते पाहत होते. एका जागी थांबले. रेडिओचं डावं टोक ज्या दिशेला होतं तिकडं बोट करून म्हणाले, "हा रेडिओतला नोहे. थो तिकडून येऊन रायला."

तिकडं शेजारच्या वावरात यंदा झटका मशीन बसवलंय. सोलरवर चालतं, कुंपणाच्या तारेत जवळजवळ सेकंदाला एक झटका सोडतं, जनावर मरत नाही पण पुन्हा येत नाही. आम्ही धुऱ्याधुऱ्यानं चालत गेलो, रेडिओ हातात, टक टक वाढत गेली, आणि एका ठिकाणी गवत वाढून तारेला टेकलं होतं, अंधारात नीट पाहिलं तर प्रत्येक झटक्याला तिथं निळी ठिणगी उडत होती. ठिणगी म्हणजे सगळ्या लहरींवर एकदम ओरडणं, मार्कोनीच्या काळात तर बिनतारी संदेश ठिणगीनंच पाठवायचे. शेजाऱ्याला फोन केला, त्यानं मशीन बंद केलं, बाबांनी विळ्यानं तेवढं गवत कापलं, मशीन चालू केलं. टक टक गेली. शेजाऱ्याच्या कुंपणाचा करंटही जमिनीत जात होता तो वाचला. भाच्याच्या डागाला काही झालेलं नव्हतं. रेडिओची ती दुरुस्ती विळ्यानं झाली आणि ती बाबांनी केली, पुस्तकातलं माझ्याकडं होतं तरी दिशा शोधायचं मला सुचलं नव्हतं, त्यांच्या हाताला सुचलं.

आता एक काम राहिलंय, व्हॉल्यूम कंट्रोल. बटण फिरवलं की खरखर करतं. उघडल्यावर पाहिलं होतं, आत घोड्याच्या नालेच्या आकाराचा कार्बनचा पट्टा असतो, त्यावरून एक पत्र्याचं बोट फिरतं. तो पट्टा सगळीकडं काळा कुळकुळीत आहे, फक्त एका जागी घासून पांढुरका पडलाय. सुरुवातीपासून थोडंसं पुढं. ती जागा म्हणजे बाबांचा रात्रीचा आवाज. त्याहून मोठा केला तर सेल लवकर उतरतात, लहान केला तर वावराच्या कडेपर्यंत पोचत नाही. प्रत्येक रात्री ते तिथंच आणून थांबले आहेत आणि झोप येऊ लागली की जरा मागं, जाग आली की जरा पुढं, तेवढ्याच टिचभर जागेत. इतकी वर्षं काढलेल्या जागलींची अशी नोंद दुसरीकडं कुठंच नाही, आईकडंही नाही. मी तो पट्टा बराच वेळ धरून बसले होते.

तसं पार्ट मिळतो, नागपूरला सीताबर्डीत इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत, स्विचवालं छोटं पोटेन्शियोमीटर, म्हणजे हेच व्हॉल्यूम कंट्रोल, काही फार महाग नसतं. मी बाबांना म्हटलं पुढच्या महिन्यात आत्याकडं लग्नाला जाऊ तेव्हा आणते आणि टाकून देते. ते नको म्हणाले.

"माह्या आंगठ्याले ठाऊक हाय कुठं थांबा लागते. नवीन टाकशीन तं मले अंधारात पुन्हा शोधा लागन."

त्यावर बराच वाद झाला. भाच्याचं म्हणणं की हा पट्टा आज ना उद्या त्या जागी पूर्ण तुटणार आणि तेव्हा नेमकी जागलीची रात्र असणार. त्याचं बरोबर आहे. शेवटी असं ठरलं की पार्ट आणून ठेवायचा, त्याचे पाय आधीच टिन करून, म्हणजे सोल्डरचा थर चढवून, तारा लावून, डबीत तयार ठेवायचा, आणि जुना चालतो तोवर चालू द्यायचा. बदलायची वेळ येईल तेव्हा जुन्या बटणावर त्या जागी भाचा तापलेल्या सुईनं एक टिपका करणार आहे, अंगठ्याला लागेल असा.